चार, चौऱ्याहत्तर

राजानंद सर निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण चुका पकडायची त्यांची सवय काही निवृत्त झाली नव्हती. लग्नपत्रिका हातात आली की आधी ऱ्हस्व-दीर्घ बघायचे आणि मग नवरा-नवरीची नावं. जाफराबाद तालुक्यातल्या तीन शाळांत मिळून छत्तीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं आणि या छत्तीस वर्षांत हातचा विसरलेल्या एकाही पोराला त्यांनी माफ केलं नाही. गावात त्यांना 'बिनचूक सर' म्हणत. काही जण कौतुकानं म्हणत, बरेचसे वैतागून म्हणत. सरांना दोन्ही चालायचं.

त्यामुळे बरडावरची झाडं मोजायची ठरली तेव्हा नोंदी कोणी ठेवायच्या हा प्रश्नच आला नाही. बरड म्हणजे गावाच्या उत्तरेची गायरानाची टेकडी. खालून बघणाऱ्याला नुसती खडकाळ वाटते. पायथ्याला बारा-तेरा वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेत ओळीनं लावलेलं गिरिपुष्प आहे, त्याच्या काठ्या सोडल्या तर कोणाला त्याचा उपयोग नाही. पण तासभर वर चढलं की रान बदलतं. तिथं कोणी काही लावलेलं नाही. चार, बिब्बा, बेहडा, मोह, धावडा, सालई, जे आपलं आपण आलं ते उभं आहे.

पुण्याच्या एका संस्थेनं गावापुढं दोन वाटा ठेवल्या होत्या. टेकडीवर जुनं, मिसळीचं रान असेल तर ते आहे तसं राखायचं, तोड बंद, आणि बिया-फळं गोळा करायचा हक्क कागदोपत्री गावाच्या बायांचा. तसं रान नसेल, एकाच जातीचा झाडोरा असेल, तर तो काढून सगळीकडे बांबू लावायचा. कोणती वाट घ्यायची हे मोजणीवरून ठरणार होतं. संस्थेची पायल नावाची मुलगी जालन्याहून आली आणि तिनं पारावर बसून सगळ्यांना समजावलं. झाड हवेतला कार्बन ओढून लाकडात साठवतं. झाडाची जात आणि छातीच्या उंचीवरचा घेर कळला की साठा किती, याचा हिशेब निघतो. आणि दहा जातींची झाडं एका जागी असली की तो साठा टिकतो, कारण एखादी कीड आली तरी एक जात जाते, रान उभं राहतं.

"त्येच म्हणून राह्यले मी कवापासून," कौसल्या मागून म्हणाली. "बिब्बा एखाद्या साली धरतच न्हाई. मंग चार धरते. दोन्ही रुसले तर मोह हाये. एकच झाड असतं तर आम्ही कवाच उपाशी मेलो असतो."

कौसल्या म्हणजे सरांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून तिचं घर बरडावरच चालत होतं. उन्हाळाभर ती बिब्बे फोडून आतली गोडंबी काढायची आणि चारीची फळं वेचून, दळून चारोळी काढायची. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. हाताला राख चोळूनही तिच्या बोटांवरचे काळे डाग कधी पुरते गेले नव्हते. रानातलं झाड ती सालीवरून, वासावरून, लांबूनसुद्धा ओळखायची. म्हणून टेप तिच्या हातात आणि मोबाइल सरांच्या हातात, अशी जोडी पायलनंच लावून दिली.

जानेवारीत चार दिवस मोजणी झाली. बारा ठिकाणं आखलेली होती, प्रत्येक ठिकाण दहा गुंठ्यांचं. मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये प्रत्येक झाडाला नंबर होता. कडुनिंब एक, बाभूळ दोन, सुबाभूळ तीन, गिरिपुष्प चार, असं करत करत यादी साठच्या पुढं गेलेली. सरांना ही पद्धत फार आवडली. आकडा असला की गोंधळ नाही.

"वहिनी, नाव घेत बसू नका," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "आधी नंबर, मंग घेर. जल्दी होतंय."

"साठ नंबर कोण ध्यानात ठेवणार, भाऊजी?"

"पहिले चार तर ठेवा. बाकीच्यांची नावं सांगा, मी लावतो."

पहिला दिवस सगळा पायथ्याला गेला. तिथं गिरिपुष्पाशिवाय होतं काय? कौसल्या टेप गुंडाळायची आणि ओरडायची, "चार, तीस! चार, अठ्ठावीस! चार, तेहतीस!" सर टाइप करत जायचे. संध्याकाळपर्यंत सरांच्या कानाला त्याची इतकी सवय झाली की घरी सुनेनं "मामा, भाकरी किती?" विचारलं आणि त्यांच्या तोंडून "चार" निघालं. त्यांना दोनच लागत.

दुसऱ्या दिवशी वर चढायचं होतं. सरांचे गुडघे गेल्या पावसाळ्यापासून कुरकुरत होते. रानाच्या जरा खाली एक सपाट खडक होता, तिथं ते टेकले ते टेकलेच. आवाज तर येतोय, मग चढून काय करायचं, असं त्यांनी स्वतःलाच पटवून दिलं. कौसल्या वर झाडांत दिसेनाशी झाली, आणि तिथून तिचा खणखणीत आवाज येत राहिला. सर खाली बसून, पाण्याची बाटली मांडीशी धरून, नोंदी घेत राहिले. उरलेले तीन दिवस असेच गेले. शेवटी फॉर्मवर एक खूण करायची होती: 'सर्व झाडे मी स्वतः पाहिली आहेत.' सरांनी ती केली. तेवढं तपासायला कोण वर चढून येतंय, असं त्यांना वाटलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात अहवाल आला. सरपंच कल्याणनं तो गावाच्या ग्रुपवर टाकला. बरडावरच्या दर शंभर झाडांतली एकाहत्तर गिरिपुष्पाची, जातींची विविधता अत्यंत कमी, देशी रान जवळपास संपलेलं, शिफारस बांबू लागवडीची. सोमवारी ग्रामसभा, त्यात ठराव.

गुरुवारी सकाळी कौसल्या सरांच्या दारात उभी राहिली. चप्पलसुद्धा काढली नाही.

"भाऊजी, माह्या चारी कुठं गेल्या?"

"कोणत्या?"

"नातवाकडून वाचून घेतलंय मी. बिब्बा हाये, बेहडा हाये, धावडा हाये. चार एक बी न्हाई. वर दर चार पावलाला चार उभीय, अन् कागदावर एक बी न्हाई?"

सर उखडले. अहवालावर नाही, पुण्यावर. या लोकांनी वातानुकूलित खोलीत बसून काहीतरी घोळ घातला असणार, यात त्यांना बिलकुल शंका नव्हती. त्यांनी तिथल्या तिथं पायलला फोन लावला आणि पाच मिनिटं तिची हजेरी घेतली. पायलनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, आम्ही एकही आकडा बदललेला नाही. तुम्ही भरलेला तक्ता जसाच्या तसा पाठवते. बघून घ्या."

तक्ता आला. सरांनी चष्मा पुसला आणि वरून खाली वाचायला लागले. चारोळीचा नंबर सत्तावीस. सत्तावीस खरंच एकदाही नव्हता. मग त्यांची नजर घेरांवर गेली. चार नंबरचं झाड, घेर चौऱ्याहत्तर. चार नंबर, घेर एक्क्याऐंशी. बारा वर्षांच्या गिरिपुष्पाचा घेर एक्क्याऐंशी कसा होईल? पायथ्याला तर चाळिसाच्या वर एकही नव्हतं.

"वहिनी," ते म्हणाले, "वर गेल्यावर तुम्ही मला नेमकं काय सांगत होत्या? तसंच म्हणा बरं एकदा."

"काय म्हणणार? झाडाचं नाव अन् माप. चार, चौऱ्याहत्तर. बिब्बा, नव्वद. चार, साठ..."

ती बोलत राहिली आणि सरांनी तक्ता खाली ठेवला. त्यांच्या यादीत त्या झाडाचं नाव 'चारोळी' होतं. रानात जन्म गेलेली कौसल्या त्याला चारोळी कशाला म्हणेल? चारोळी म्हणजे आतली बी, किराण्यातली वस्तू. झाड ते चार. लहानपणी सरसुद्धा चारच म्हणायचे, दगड मारून फळं पाडायचे. आणि त्यांनीच तिला शिकवलं होतं, पहिले चार नंबर लक्षात ठेवा म्हणून. तिनं झाड सांगितलं आणि त्यांनी आकडा लिहिला. वर चढून नुसती मान वर केली असती तरी कळलं असतं.

"काय झालं?" कौसल्यानं विचारलं.

"बघतो मी," सर म्हणाले. "तुम्ही जा."

ती गेली. दिवसभर सर तक्ता घेऊन बसले. चार नंबरच्या तीनशे बारा नोंदींतल्या कमीत कमी दोनशे चारीच्या असाव्यात असा त्यांचा अंदाज निघाला. पण अंदाज तो अंदाज. मधल्या उतारावर गिरिपुष्पही पसरलेलं होतं, त्यामुळे बारक्या घेराची कोणती नोंद झाडाची आणि कोणती आकड्याची, हे आता त्यांच्यासकट कोणीच सांगू शकत नव्हतं. पायलला पुन्हा फोन केला, तेव्हा ती म्हणाली की नोंदणाऱ्यानं स्वतः ग्रामसभेपुढं चूक मान्य केली तर फेरमोजणी होते, नाहीतर अहवाल तसाच राहतो.

शुक्रवारी सर ग्रामपंचायतीत गेले ते हेच सांगायला. वाटेत त्यांनी वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. ओट्यावर कल्याण आणि आणखी चार-पाच जण बसले होते, झाडून सगळे सरांचे विद्यार्थी. सर दिसताच सगळे उठून उभे राहिले. कल्याणनं खुर्ची पुढं केली, चहा सांगितला.

"सर, अहवालावर कुरबूर चालूय म्हणे," कल्याण म्हणाला. "बाया म्हणून राह्यल्या, चारीची झाडं आलीच न्हाईत."

"हां, त्याचंच..."

"तुमची काय चूक व्हणार, सर? चूक तिकडची. जलमभर बिब्बे फोडले अन् आता मोजणीतबी कौसल्याकाकूनं बिब्बाच घातला बघा!"

ओटा हसला. एकानं मांडीवर थाप मारली. सरांच्या हातात चहा होता. आता बोलायचं, असं ते मनाशी म्हणाले. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "सर सांगून राह्यले आसतील एक, ती ओरडून राह्यली आसंल दुसरं," आणि पुन्हा हशा झाला. सर मूग गिळून बसले. चहा संपवला. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि तरीही कपात बघत बसण्याखेरीज त्यांना काही सुचलं नाही.

उठताना कल्याण सहज म्हणाला, "उद्या वर जेसीबी मशीन चढवतोय, सर. ठराव सोमवारीच, पण रस्ता तरी काढून ठेवू. मशीन पुन्हा कवा मिळंल, भरवसा न्हाई."

रस्ताच तर आहे, सर मनात म्हणाले. सोमवारी सभेत सांगू. दोन दिवसांनी काय बिघडतंय?

सोमवारी सभा भरली. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला. कौसल्या खांबाला टेकून बसली होती आणि तिच्या शेजारच्या दोघी तोंडाला पदर लावून काहीतरी खुसफुसत होत्या. शुक्रवारचा विनोद नळावर पोचला होता हे सरांना दिसलंच. ग्रामसेवकानं ठराव वाचायला घेतला. दुसऱ्या ओळीवर सर उठले.

"थांबा. अहवाल चुकीचा आहे. आणि चूक माझी आहे."

कोणालाच नीट कळलं नाही. सरांच्या तोंडी हे वाक्य गावानं कधी ऐकलेलंच नव्हतं.

"वहिनीनं बराबर सांगितलं. चार म्हणजे झाड. मी त्याचा आकडा केला. वर चढलो न्हाई, खडकावर बसून राह्यलो, अन् सगळी झाडं बघितली म्हणून खूण करून दिली. दोनशे झाडं मी कागदावरून पुसली. शुक्रवारीच सांगायला आल्तो. सांगितलं न्हाई."

मग मागून कोणीतरी फिसकन हसलं. हसू पसरत पुढच्या रांगेपर्यंत आलं. छत्तीस वर्षांची थकबाकी लोक एका दमात वसूल करत होते. सर उभेच राहिले. कल्याणला हसू येईना. त्यानं खाली बघून ठराव बाजूला ठेवायला सांगितला. फेरमोजणी होईपर्यंत काही करायचं नाही, असं ठरलं.

बाहेर पडताना कौसल्या दारात थांबली होती.

"शुक्रवारी का न्हाई बोलले, भाऊजी? दोन दिस झाले, नळावर जाता येईना मला."

तिनं उत्तराची वाटही बघितली नाही. "उद्या सकाळी आठला निघायचं," एवढं बोलून ती चालू लागली.

मंगळवारी पायल जालन्याहून पहिल्या एसटीनं जाफराबादला आणि तिथून जीपनं आली. या वेळी मोबाइल तिच्याकडं होता. सर काठी घेऊन निघाले. खडक आला, त्यांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. गुडघे बोंबलत होते. मध्ये दोनदा थांबले, एकदा गोळी घेतली, पण वर पोचले. आणि वर पोचल्यावर त्यांनी मान वर केली. दोनशे हा अंदाज त्यांनी घरी बसून केला होता. इथं ती झाडं प्रत्यक्ष उभी होती. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली काळी साल, रुंद पानं, फांदीच्या टोकाला हिरव्या फळांचे घोस. मधूनमधून बिब्बा, बेहडा, धावडा. पायल मोजणी विसरून बघत राहिली.

"सर, एवढं मिसळीचं रान या भागात मी बघितलेलं नाही," ती म्हणाली. "साठा तर सोडाच, नुसत्या जातीच तीसच्या वर जातील."

कौसल्या आता मुद्दाम हसत हसत सांगत होती, "चारीचं झाड, बासष्ट! चारीचं झाड म्हंते मी, भाऊजी!" सर टेपचं दुसरं टोक धरून प्रत्येक खोडाला हात लावत होते. चौथं, पाचवं, सहावं ठिकाण झालं. तिन्ही ठिकाणी कागद आणि रान यांचा काही मेळ नव्हता. अहवाल उलटणार, बांबू येणार नाही, हे दुपारपर्यंत स्पष्ट झालं होतं. सरांना फार दिवसांनी हलकं वाटत होतं.

सातवं ठिकाण उतारापलीकडं होतं. तिथं पोचायच्या आधीच ऊन जास्त लागायला लागलं. सावली संपली होती. मशीननं काढलेला रस्ता सातव्या ठिकाणाच्या मधोमध गेला होता. दोन्ही बाजूंना झाडं मुळासकट उपटून ढकललेली होती. पानं अजून पुरती वाळलेली नव्हती. फांद्यांवर फळं होती, हिरवी, कच्ची, दगडासारखी.

कौसल्या एका आडव्या खोडापाशी उकिडवी बसली. काळ्या डागांच्या बोटांनी तिनं एक फळ तोडलं, नखानं दाबून बघितलं आणि टाकून दिलं.

"महिनाभरानं पिकली आसती," ती म्हणाली. "आत बी न्हाई धरली अजून."

सर तक्ता काढून बघत होते. सातवं ठिकाण, चार नंबर: चौदा झाडं. उभी तीन होती.

"कधी झालं हे?" पायलनं विचारलं.

"शनिवारी," कौसल्या म्हणाली.

शुक्रवार आणि सोमवार यांच्यामध्ये शनिवार येतो, हे सरांना कोणी शिकवायला नको होतं.

पायलनं मोबाइल उघडला. "अकरा पडलेली. यांचा साठा आता शून्य धरावा लागेल, सर. आणि कारण लिहावं लागतं. आग, कीड, चराई, तोड, इतर." ती थांबली. "तोड लिहू?"

"मशीनवाल्यानं तोडली न्हाईत," सर म्हणाले. "त्याला रस्ता काढ म्हणून सांगितलं, त्यानं काढला."

"मग?"

"इतर लिहा. अन् पुढं जागा असेल तर माझं नाव लिहा. पूर्ण."

पायलनं कौसल्याकडं पाहिलं. कौसल्या उठली, लुगड्याची धूळ झटकली आणि टेपचं टोक सरांच्या हातात दिलं.

"लिही, बाई," ती पायलला म्हणाली. "त्ये म्हणून राह्यले तसंच लिही."